ठकीची कात

१

बरणी रिकामी होती.

झाकण टेबलावर पालथं पडलं होतं. आतली माती जागच्या जागी होती, पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा तसाच होता, झाडाच्या सालीचा तुकडाही हललेला नव्हता. नव्हती ती फक्त ठकी. ठकी म्हणजे माझ्या ताईने लहानाची मोठी केलेली कोळ्याची मादी. पाय पसरले तर माझा तळहात झाकून टाकेल एवढी. तिच्या विषाने माणसाचं काय होतं, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी दारातच थिजले. खरं तर कोळी हे माझं रोजचं काम. या संग्रहालयात मी त्यांची चित्रं काढते. पण ती मेलेल्या कोळ्यांची, स्पिरिटच्या नळीतून बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली गप पडून राहणाऱ्यांची. जिवंत कोळी दिसला की माझी बोबडी वळते. घरी बाथरूममध्ये एखादा दिसला तर मी त्या दिवशी आंघोळीला सरळ बुट्टी मारते. आमच्या घरात यावरून माझी कायम टिंगल चालते.

खोलीत सर एकटेच खुर्चीत बसले होते. सर आमच्या विभागाचे प्रमुख. चेहरा पांढराफटक पडलेला, आणि उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं.

"चावली," ते म्हणाले. "पुढे येऊ नकोस. कपाटामागे गेली आहे."

पुढे यायचा प्रश्नच नव्हता. मी मागे सरकले ती थेट वॉचमनच्या अंगावर आदळले. त्याने 'चावली' एवढंच ऐकलं आणि जिना उतरत सगळ्या इमारतीला ते सांगून टाकलं. बघता बघता लोक खुर्च्यांवर पाय घेऊन बसले. कुणी बूट झटकत होतं, कुणी कॉलर. मुख्य दारात तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग झटकून बघायला लागले.

तेवढ्यात ताई आली. तिने आधी बरणीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"ठकी कुठंय?" तिने विचारलं.

सरांचा हात कसा आहे, हे तिने त्यानंतर विचारलं. पुढे सगळ्यांनी तिला याच क्रमावरून धारेवर धरलं.

२

मॅनेजर खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, दारापासून बऱ्याच अंतरावर उभे राहून बोलत होते.

"जेवणानंतर फवारणीवाले येतील. सगळी खोली धुरी देऊन बंद. सरांसाठी गाडी मागवली आहे. त्यांचं काही बरंवाईट झालं तर प्रकरण पोलिसांत जाईल, बाई. कोळी ठेवायची परवानगी तुमच्या नावावर आहे."

"फवारलं तर ती मरेल," ताई म्हणाली.

"तेच तर करायचंय."

"त्यांचं बरोबर आहे," सर दमल्या आवाजात म्हणाले. जवळच्या डॉक्टरांनी इथेच येऊन, हात पाहून दोन लाल टिपके दाखवले होते आणि लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं. आता हात बँडेजमध्ये होता, आणि बँडेज गळ्यातल्या झोळीत. "मीच म्हटलं त्यांना. पोरी, मला वाईट वाटतं. पण माणसं आहेत इमारतीत."

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते. माझ्या ताईला मी आई गेली तेव्हाच तसं पाहिलं होतं.

ठकीच्या जातीचे कोळी ताईला एका टेकडीवर दगडांखाली मिळाले होते. मग टेकडी फोडून रस्ता झाला आणि ते दगडच राहिले नाहीत. आणलेल्या पिल्लांतली एकटी ठकी जगली. जात नवी आहे याबद्दल ताईला शंका नव्हती. पण कोळ्याची नवी जात जाहीर करायची तर प्रौढ कोळी लागतो. मादी शेवटची कात टाकते तेव्हाच तिच्या पोटाखाली जननेंद्रियाची नक्षी उमटते, आणि जात ओळखायची ती त्या नक्षीवरून. त्याआधीच्या कोळ्याचं वर्णन करणं म्हणजे पाळण्यातल्या बाळाच्या मिशांचं वर्णन करण्यासारखं आहे.

त्या जातीला आईचं नाव द्यायचं ताईने ठरवलं होतं. आमच्या आईचं नाव कशावरच नव्हतं. घर बाबांच्या नावाचं, दुकान आजोबांच्या. ही कल्पना ताईला सरांवरूनच सुचली होती. तरुणपणी सरांनी एक पट्टेवाली जात शोधली होती, ठकीपेक्षा लहान, आणि तिला त्यांच्या आईचं नाव दिलं होतं. संग्रहालयाच्या दारात तिचा मोठा फलक आहे. त्यावरचं पोटाखालच्या नक्षीचं चित्र सरांनी स्वतः काढलेलं. दोन्ही बाजू अशा तंतोतंत सारख्या, की माझ्या हातून तसं कधी का उतरत नाही, म्हणून मी नेहमी मनातल्या मनात जळत आले आहे.

"आत्याला फोन कर," ताई माझ्या कानात म्हणाली.

३

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, याच विभागाची पूर्वीची प्रमुख. सर तेव्हा तिच्या हाताखाली होते. काचबिंदूने तिचे डोळे गेले. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं, जिभेला मात्र काही झालेलं नाही.

"किती घाबरलेत सगळे," पॅसेजमध्ये येताच ती म्हणाली. "वास येतोय घामाचा. कुणावर संशय आहे?"

"संशय कसला?" मॅनेजर म्हणाले. "झाकण नीट लावलं नव्हतं. निष्काळजीपणा."

"ताई झाकण दोनदा तपासते," मी म्हणाले.

"मग कुणीतरी उघडलं," आत्या शांतपणे म्हणाली, आणि तिने माणसं एकेक करून समोर घेतली.

वॉचमनचे दात वाजत होते. खोली त्याने सकाळी उघडली होती, पण आत पाऊलही टाकलं नव्हतं. "मला त्या खोलीत जायचा पगार दिला तरी नको," तो म्हणाला. "सर आत गेले. त्याआधी मॅनेजरसाहेब दारात घुटमळत होते. मग सर ओरडले."

मॅनेजर तडकले. "मी खोलीचं माप घेत होतो. इथे तिकीटघर करायचंय, त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"म्हणजे कोळी गेले तर तुमच्या पथ्यावर पडेल," आत्या म्हणाली.

शेवटी सर. आत्या त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"तू पाहिलीस तेव्हा ती कुठे होती?"

"बरणीच्या काठावर. बाहेर आली होती. मी धरायला गेलो, ती चावली, खाली पडली आणि कपाटामागे पळाली."

"काठावर. नक्की?"

"डोळ्यांनी पाहिली, बाई."

"डोळे असलेल्यांचं बरं असतं. गाडीची वाट कशाला बघतोस? रिक्षाने जा."

"फवारणी सुरू झाल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही."

मॅनेजर तावातावाने त्यांच्यासमोरून गेले आणि त्यांचा धक्का सरांना लागला. सरांनी चटकन डावा हात आडवा धरला. मला ते जरा विचित्र वाटलं. बँडेज झोळीच्या पुढच्या टोकाला होतं, आणि त्यांनी सांभाळलं ते कोपराकडचं टोक. पण भेदरलेला माणूस काहीही करतो, मी स्वतः त्यातलीच.

आत्या उठली. तिने माझा दंड पकडला.

"चल आत. तू माझे डोळे."

"ताईला ने ना."

"ताईवर आरोप आहे. तिने काही पाहिलं तर तिने रचलं म्हणतील. तू भित्री आहेस हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. तुझ्यावर विश्वास ठेवतील."

आम्ही आत शिरलो. मागे वॉचमनने दार लावून घेतलं.

४

खोलीत काही हलत नव्हतं, आणि तीच गोष्ट भयानक होती. कपाट भिंतीपासून बोटभर पुढे होतं. त्या अंधाऱ्या फटीवरून माझी नजर हलेना. ती तिथून बघत असेल, असं एकसारखं वाटत होतं.

"बरणीच्या काठाजवळ तोंड ने," आत्या म्हणाली. "टॉर्च आडवा धर. धागा दिसतो का?"

"कसला धागा?"

"कोळी कुठेही जाताना मागे धागा सोडत जातो. काठावरून उतरली असेल तर धागा असणारच. तिला तो टाळता येत नाही."

मी जीव मुठीत धरून वाकले. काच स्वच्छ होती. काठ, टेबल, टेबलाची कड, सगळं पाहिलं. धुळीचे कण चमकत होते, पण धागा एकही नव्हता.

"बरं. सालीखाली कोष आहे का तिचा?"

ठकी सालीखाली पांढरा रेशमी कोष विणून आत दडून बसायची. मी चिमट्याने साल उचलली.

"नाही."

"फाटलाय?"

"नाही, आत्या. अख्खा खरवडून काढलाय. सालीवर चिमट्याचे ओरखडे आहेत."

"म्हणजे आपलं घर गुंडाळून काखोटीला मारून गेली म्हणायची," आत्या म्हणाली. "ताई तिच्या जुन्या काती ठेवायची. बघ."

मागच्या फळीवर छोट्या नळ्यांचं स्टँड होतं. दर वेळी ठकीने कात टाकली की ताई ती एका नळीत घालून तिथे लावायची. स्टँड तिथेच होतं. नळ्या एकही नव्हत्या.

"काती गेल्यात. सगळ्या." मला काही समजेना. "पण त्या कुणाला कशाला हव्यात? ती तर नुसती टरफलं."

"खोली हवी असलेल्या माणसाला नकोत. घाबरणाऱ्याला नकोत." आत्या थांबली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "काती त्यालाच नकोशा होतील, ज्याला त्या वाचता येतात."

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या मानेवरून काहीतरी सरकत खाली आलं.

५

मी किंचाळले नाही, कारण आवाजच फुटला नाही. आत्याने हात लांबवून माझी मान चाचपली.

"चष्म्याची दोरी आहे तुझी," ती म्हणाली. "आता रडू नकोस. तुला काहीतरी सांगायचं होतं."

होतं. भीतीच्या भरात मी सकाळपासून विसरूनच गेले होते. काल दुपारी ताई माझ्या टेबलाशी आली आणि माझ्यापुढे एक डबी सरकवली. तिचा चेहरा फुलला होता. "झाली मोठी," ती म्हणाली होती. "कोषाच्या तोंडातून अलगद काढली. कुणाला सांगू नकोस, उद्याच्या बैठकीत सगळ्यांना दाखवायचीय." डबीत ठकीची शेवटची कात होती. पट्टेदार पाय, त्यावरची लव, आणि पुढे काळे टोकदार सुळे, इतके जसेच्या तसे की मी झाकण लावूनच टाकलं. नंतर धीर करून ती कोमट पाण्यात मऊ केली, पसरली आणि चित्र काढायला घेतलं. ती अजून माझ्या खणात होती.

"काल दुपारी?" आत्याने माझा दंड आवळला. "आणि ताई सोडून हे फक्त तुला माहीत?"

"हो."

"जा, डबी आण. आणि संग्रहातून सरांच्या पट्टेवालीची नळी आण. मूळ नमुना, जिच्यावरून त्याने जात लिहिली."

कात आणि नळीतला कोळी मी माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी सांगत गेले. डोळ्यांची मांडणी सारखी. पायांवरचे पट्टे तेवढेच, त्याच जागी. सुळ्यांखालचे दातेसुद्धा जुळत होते. नळीतला कोळी आणि काल टाकलेली कात, दोघांचं मापही जवळपास एक, कारण कातीचं माप म्हणजे मोठी होण्याआधीच्या ठकीचं माप.

"आता नमुना उताणा कर. पोटाखाली बघ."

मी बघितलं. पुन्हा बघितलं. प्रकाश वाढवून बघितलं.

"सपाट आहे," मी म्हणाले. "नक्षी नाहीच. आत्या, ही मोठी झालेलीच नाही."

"आणि फलकावरचं चित्र?"

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. खऱ्या प्राण्याच्या अंगावर तशा कधीच नसतात. एक वळण किंचित मोठं असतं, एक कड जराशी कलते. इतकी वर्षं मी ज्या चित्राचा हेवा केला, ते बघून काढलेलंच नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सरांसाठी मागवलेली गाडी आली होती, आणि तिच्यामागे फवारणीवाल्यांची.

६

"जरा थांब," आत्या पॅसेजमधून म्हणाली. सर जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. "ती कुठल्या सुळ्यांनी चावली तुला?"

"म्हणजे?"

"कोळी कात टाकतो तेव्हा सुळ्यांचीही कात टाकतो. नवे सुळे पांढरे, लोण्यासारखे मऊ असतात. कडक व्हायला दिवस जातात. तोवर तो माशीला चावू शकत नाही. ठकीने काल दुपारी कात टाकली. तुला ज्यांनी चावली म्हणतोस ते सुळे या डबीत आहेत."

मी डबी उघडून धरली. मॅनेजर दोन पावलं मागे गेले. ताईने कपाळावर हात मारला, ठकीच्या काळजीत तिला हे सुचलंच नव्हतं.

सरांनी डबीत पाहिलं. घाबरलेल्या माणसाचा तो चेहरा मी सकाळपासून बघत होते, पण भीती खरी कशाची होती ते मला आत्ता कळलं.

"ती अजून कात टाकायची आहे असं तुला वाटलं," आत्या पुढे म्हणाली. "कोषात होती, तुला दिसली नाही. शेवटची कात पडायच्या आत तिला आणि जुन्या कातींना नाहीसं करायचं होतं. मोठी झाली असती तर ताईने शेवटची कात तुझ्या पट्टेवालीशेजारी ठेवलीच असती. मग कळलं असतं की तुझी पट्टेवाली हे ठकीच्याच जातीचं लेकरू आहे, आणि लेकराच्या पोटाखाली तू मोठीची नक्षी काढलीस. म्हणून चावल्याचं सोंग. सगळे भ्याले की खोलीत कुणी शिरणार नाही, आणि धुरी दिली की कुणी शोधणार नाही."

"मग ती आहे कुठे?" ताईचा आवाज फुटत होता. "सर, मारलीत तिला?"

"नाही मारली," आत्या म्हणाली. "जन्मभर कोळ्यांत घालवलेल्या माणसाचा हात नाही धजत. त्याने फवारायला सांगितलं म्हणजे ती खोलीत नाही. भीतीपायी दारात प्रत्येकाची बॅग झटकून बघतायत, म्हणजे बॅगेत नाही." तिने मान माझ्याकडे वळवली. "तू काही पाहिलंस का?"

मला तो धक्का आठवला. बँडेज सोडून कोपराकडे गेलेला हात आठवला.

"झोळीत," मी म्हणाले. "कोपराच्या बाजूला."

कुणी पुढे होईना. वॉचमन नाही, मॅनेजर नाही. ताई पुढे निघाली तर आत्याने तिला काठीने अडवलं. राहिले मी. मी बाही वर सारली. मी सरांच्या झोळीत हात घातला. बोटांना कापड लागलं, मग ऊब, मग काचेची गोल कड.

"हळू," सर कुजबुजले. "कालच टाकली असेल तर मऊ असेल ती. हिंदकळू देऊ नकोस."

मी बाटली बाहेर काढली. आत कोष होता, आणि कोषाच्या तोंडाशी दोन फिकट पाय हलत होते.

७

मॅनेजरांनी फवारणीवाल्यांना परत पाठवलं. जुन्या कातींच्या नळ्या सरांच्या टेबलाच्या खणात सापडल्या. सर बाकावर बसले. त्यांनी बँडेज सोडलं, खाली टाचणीने टोचल्याच्या दोन खुणा होत्या.

"आई शेवटच्या आजारात होती," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "तिला सांगून बसलो होतो, तुझं नाव देतोय म्हणून. माझ्याकडे एकच कोळी होता, आणि तो कात टाकायच्या आधीच मेला. दुसरा शोधायला वेळ नव्हता. फलकावरचं ते चित्र आईने उशाशी लावून घेतलं होतं."

मग त्यांनी ताईकडे पाहिलं.

"ती डबी जाळून टाक," ते म्हणाले. "मी राजीनामा देतो. माझी जात लहान, तुझी मोठी, चित्रं वेगळी. कुणी विचारणार नाही. तुझी नवी ठरेल. तुझ्या आईचं नाव लागेल तिला."

मला हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही एकच जात असेल तर नाव आधीचं राहतं, असा नियमच आहे. म्हणजे ठकी नवी नव्हती. ज्या कातीने ताईवरचा आळ गेला, त्याच कातीने आईचं नावही नेलं होतं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, टाक जाळून. हे इथल्या पाच-सहा जणांनाच माहीत आहे.

ताईने माझ्या हातातून डबी घेतली. तिने कात एकदा उजेडात धरली. मग तिने झाकण लावलं आणि डबी आत्याच्या हातात दिली.

"आईचं नाव खोट्या चित्राच्या आधाराने उभं करू?" ती म्हणाली. "तुमच्या आईचं नाव राहू दे, सर. कुणाच्या तरी आईचंच आहे. त्याखाली खरं चित्र मी लावेन."

सर ओंजळीत तोंड लपवून रडले. आत्या त्यांच्या शेजारी बसून राहिली, पण त्यांच्या पाठीवर तिने हात ठेवला नाही.

नंतर ताईने सगळं जसं घडलं तसं लिहून पाठवलं. दारातला फलक उतरवला गेला. एक गोष्ट मात्र आम्हा दोघींच्या जिवावरचं ओझं उतरवणारी झाली. नवी जात ठरली असती तर नमुना म्हणून ठकीला स्पिरिटमध्ये घालावं लागलं असतं, आणि हा विषय ताई कायम टाळत आली होती. आता जातीचा मूळ नमुना आहेच, सरांचा. ठकीला मरायची गरज उरली नाही. राहिलं फक्त चित्र, आणि ते जिवंत ठकीवरून काढायचं होतं.

ताईने बरणीवरची 'ठकी' लिहिलेली पट्टी काढली आणि तिथे आईचं नाव लिहिलं. शास्त्रात त्याला काडीची किंमत नाही.

मग तिने ठकीला काचेच्या तळाच्या पेटीत सोडलं आणि पेटी दोन टेबलांच्या मधल्या जागेवर ठेवली. मी खाली उताणी झोपले, भिंग डोळ्याला लावलं. ती माझ्या चेहऱ्यापासून वीतभर वर होती, आठही पाय काचेवर रोवून. पेन्सिल धरवत नव्हती.

"जमेल का?" ताईने वरून विचारलं.

"तू बोलू नकोस," मी म्हणाले.

पोटाखाली नक्षी स्पष्ट उमटली होती. डावं वळण उजव्यापेक्षा किंचित मोठं होतं. मी ते तसंच काढलं.